जेसिका ड्रू गच्चीवर चढते तेव्हा: एका मुखपृष्ठाचं प्रकरण

एका उंच इमारतीची भिंत चढून एक बाई गच्चीच्या काठावरून आत येते आहे. हात पुढे टेकलेले, छाती जवळजवळ जमिनीला लागलेली, चेहरा समोर. पाठ मधोमध इतकी खाली वाकवली आहे की चित्रात सगळ्यात उंच डोकं नाही, नितंब आहेत. अंगावर लाल पोशाख आहे असं रंग सांगतो, रेषा तसं सांगत नाहीत. घट्ट कापडसुद्धा दोन उंचवट्यांमध्ये ताणलं जातं, सांध्यापाशी त्याला चुणी पडते. इथे ना ताण आहे, ना चुणी. कातडी आहे आणि तिच्यावर लाल रंग चढवला आहे. मागे शहर पसरलेलं आहे.

ही बाई म्हणजे जेसिका ड्रू, अर्थात स्पायडर-वुमन, आणि हे अमेरिकेतल्या मार्व्हल कॉमिक्सच्या ‘स्पायडर-वुमन’ या मालिकेच्या पहिल्या अंकाचं पर्यायी मुखपृष्ठ. तिकडे याला ‘व्हेरिएंट कव्हर’ म्हणतात. अंकातला मजकूर तोच, नेहमीचं कव्हर वेगळं आणि हौशी संग्राहकांसाठी थोड्या प्रती या वेगळ्या कव्हरच्या. चित्रकार होते इटलीचे मिलो मानारा. अंक येणार होता नोव्हेंबर २०१४ मध्ये. चित्र ऑगस्टमध्येच जाहीर झालं आणि आठवड्याच्या आत कॉमिक्सच्या दुनियेबाहेरच्या वर्तमानपत्रांतही त्यावर लिहून आलं. स्त्रीदेह कसा काढावा हा वाद त्या क्षेत्रात जुनाच होता, पण एका ठरावीक चित्राला धरून इतक्या लोकांनी तो एकदम क्वचितच घातला असेल.

मी या प्रकरणाकडे वळलो ते त्यातल्या निवाड्यामुळे. बहुतेकांनी तो मानारांच्या विरुद्ध किंवा त्यांच्या बाजूने दिला. मला वाटतं, चित्रकाराला आरोपी करून आपण चुकीच्या टेबलापाशी थांबलो. हे चित्र कुणी मागवलं, कुणासाठी मागवलं, आणि मागवताना त्या अंकाचा वाचक कोण आहे याचा विचार कुणी केला होता का, तिथपर्यंत जायला हवं.

ते वर्ष

२०१४ हे मार्व्हलसाठी साधं वर्ष नव्हतं. दोन वर्षांपूर्वी कॅरल डॅनव्हर्स ही जुनी नायिका ‘कॅप्टन मार्व्हल’ झाली होती. तोवर तिचा पोशाख म्हणजे पोहण्याचा काळा सूट आणि मांडीपर्यंतचे बूट असा होता. जेमी मॅकेल्वी यांनी तिला वैमानिकाला शोभेल असा अंगभर गणवेश दिला आणि लेखिका केली सू डीकॉनिक यांच्या हाती मालिका आली. फेब्रुवारी २०१४ मध्ये जर्सी सिटीतली पाकिस्तानी-अमेरिकन मुलगी कमला खान ‘मिस मार्व्हल’ म्हणून स्वतःच्या मासिकात आली. त्याच वर्षी ब्लॅक विडो, शी-हल्क, इलेक्ट्रा आणि स्टॉर्म यांच्या मालिका सुरू झाल्या. जुलैमध्ये थॉरचा हातोडा एका स्त्रीच्या हाती जाणार ही घोषणा कंपनीने थेट दूरचित्रवाणीवर केली, तीही दुपारी बायका मोठ्या संख्येने पाहतात अशा गप्पांच्या कार्यक्रमात. स्पायडर-वुमनची नवी मालिका याच रांगेतली.

म्हणजे कंपनी बायकांना सांगत होती की या, हे दुकान तुमचंही आहे. आणि महिन्याभरात त्याच दुकानाच्या काचेत हे चित्र लागलं. लोक चिडले ते या दोन गोष्टी एकाच तोंडून आल्या म्हणून. मानारांनी हेच चित्र स्वतःच्या एखाद्या अल्बमसाठी, म्हणजे चित्रकथेच्या पुस्तकासाठी, काढलं असतं, तर कुणी वळूनही पाहिलं नसतं. १९८० च्या दशकापासून युरोपात ते प्रौढांसाठीच्या कामुक चित्रकथांचे नामांकित कलावंत आहेत. त्यांची रेषा खरोखर असामान्य आहे. एका सलग ओढीत मान, खांदा आणि कंबर उतरवणारे हात फार थोडे असतात. त्यांनी चित्रपट दिग्दर्शक फेलिनींबरोबर काम केलं, चित्रकथाकार ह्युगो प्रॅटबरोबर केलं. २००९ मध्ये मार्व्हलसाठीच एक्स-मेन या सुपरहिरोंच्या गटातल्या स्त्रियांवरची एक कथाही त्यांनी चितारली होती. मानारांना बोलावल्यावर काय मिळणार हे मार्व्हलमध्ये कुणाला ठाऊक नव्हतं, असं म्हणायला जागाच नाही.

जेसिका आली कुठून

जेसिका ड्रूचा जन्म मुळातच एका कार्यालयीन गरजेतून झाला. १९७० च्या दशकात दुसरी एक कंपनी ‘स्पायडर-वुमन’ नावाची नायिका आणण्याच्या बेतात आहे असं मार्व्हलला कळलं. मार्व्हलचे तेव्हाचे प्रकाशक स्टॅन ली यांनीच नंतर सांगितलं की नाव हातचं जाऊ नये म्हणून घाईने पात्र उभं करावं लागलं. आर्ची गुडविन यांनी कथा लिहिली आणि १९७७ च्या ‘मार्व्हल स्पॉटलाइट’ क्रमांक ३२ मध्ये ती प्रकट झाली. ती स्पायडर-मॅनची बहीण नाही, बायको नाही, त्याच्या शक्तींची वारसदारही नाही. नावाचा मालकी हक्क टिकावा म्हणून आलेली ही नायिका, आणि पुढची चार दशकं तिला स्वतःची गोष्ट शोधत फिरावं लागलं.

तिचा लाल-पिवळा पोशाख मारी सेव्हरिन यांनी आखला. त्या काळी मार्व्हलमध्ये चित्रकाराच्या टेबलावर बसणाऱ्या बायका बोटांवर मोजण्याइतक्या होत्या, सेव्हरिन त्यांतल्या एक. बाईने आखलेला पोशाख म्हणून तो कमी घट्ट होता, असं मात्र नाही. सुपरहिरोचं चित्र काढायची जी रीत आहे तीच इथेही आहे: आधी उघडं शरीर काढायचं, मग त्याच्यावर पोशाखाच्या सीमारेषा टाकायच्या, बाकीचं काम रंगकाराकडे. स्पायडर-मॅनच्या अंगावर निदान जाळ्याच्या रेघा असतात. त्या काढताना चित्रकाराला दर इंचाला आठवण राहते की हे कापड आहे. जेसिकाचा पोशाख पोटावरची पिवळी खूण सोडली तर सपाट लाल. मागून पाहिलं तर रेघच नाही. मानारांच्या हाती आलेला कागद असा होता.

तिच्या शक्तींमध्ये एक तर अशी आहे की ती वाचून मी चकित झालो. तिच्या अंगातून एक गंध सुटतो. त्याने पुरुष तिच्याकडे ओढले जातात आणि बायकांना ती नकोशी वाटू लागते. १९७० च्या दशकाच्या शेवटी तिची जी पहिली मालिका आली, तिच्यात हे गंभीरपणे मांडलं आहे. म्हणजे नायिकेला मैत्रिणी का नाहीत याचं कारण लेखकांनी तिच्या शरीरातच ठेवून दिलं! बाईचं चित्रण म्हटलं की आपण लगेच कमरेचं माप आणि गळ्याची खोली बघतो. पण एखादी बाई इतर बायकांसोबत उभीच राहू शकणार नाही अशी गोष्ट लिहिणं, हेही चित्रणच. माझ्या लेखी ते मानारांच्या कव्हरपेक्षा खोलवर गेलेलं आहे, आणि त्यावर कधी एवढा गदारोळ झाला नाही.

तीन उत्तरं

टीका वाढली तेव्हा मार्व्हलचे मुख्य संपादक अ‍ॅक्सेल अलोन्सो बोलले. कंपनीच्या वागण्यातून दुहेरी संदेश गेला याबद्दल त्यांनी दिलगिरी व्यक्त केली. सोबत हेही सांगितलं की हे संग्राहकांसाठीचं मर्यादित कव्हर आहे आणि आतल्या गोष्टीचा सूर तसा नाही. दुसरे ज्येष्ठ संपादक टॉम ब्रेव्हूर्ट यांचं म्हणणं जास्त मोकळं होतं. नाराज झालेल्यांच्या बोलण्यात तथ्य आहे, पण मानारा १९६९ पासून हेच करत आले आहेत. मानारांचं कव्हर म्हटल्यावर ते कसं असेल याचा अंदाज त्यांच्या कामावरून येतोच, असं ते म्हणाले. बचाव म्हणून केलेलं हे विधान मला तरी कबुलीजबाबासारखं वाटतं. काय येणार हे माहीत होतं, आणि तरी तेच मागवलं.

तिसरं उत्तर खुद्द मानारांचं. त्यांना या गदारोळाचं आश्चर्य वाटलं. भिंत चढून गच्चीवर येणारी मुलगी आपण दाखवली, आणि सुपरहिरो म्हणजे तसंही रंगवलेली उघडी शरीरंच असतात, असा त्यांचा युक्तिवाद होता. यातला दुसरा भाग पूर्ण खरा आहे. पोशाखाची रीत तशीच आहे हे वर आलंच. पहिल्या भागाशी मात्र माझं भांडण आहे, कारण चित्रातली मुलगी भिंत चढून आलेलीच नाही.

हे पटत नसेल तर घरातल्या सतरंजीवर करून बघा. दोन्ही तळवे आणि गुडघे टेका. आता कठड्यावरून आत सरकायचं आहे, कुणी पाहू नये म्हणून अंग जमिनीलगत ठेवायचं आहे. आपोआप काय होतं? कंबर खाली जाते, कोपरं बाहेर फाकतात, एक गुडघा पुढे बगलेकडे येतो, वजन पुढच्या हातावर पडतं. सैन्यात सरपटायला शिकवतात ते हेच. पालीला भिंतीवर पाहा, तिचंही हेच चाललेलं असतं. आता मानारांची मुद्रा घ्या: छाती खाली, कंबर आत, बैठक वर. या अवस्थेत पुढच्या क्षणी कोणता हात उचलणार? कोणताच उचलता येत नाही. उचललात तर तोंडावर पडाल. त्या शरीराला मागचा क्षण नाही आणि पुढचाही नाही. ते कुठून आलेलं नाही, कुठे निघालेलं नाही. कुणीतरी बघावं म्हणून थांबलेलं आहे.

मानारांच्या बाजूच्या लोकांनी लगेच स्पायडर-मॅनची चित्रं पुढे केली. तोही असाच वेडावाकडा होतो, त्याचीही पाठ अशीच वाकते, मग तेव्हा का नाही ओरडलात? प्रश्न रास्त आहे आणि तो उडवून लावू नये. १९८० च्या दशकाच्या शेवटी टॉड मॅकफार्लन यांनी काढलेला स्पायडर-मॅन शरीरशास्त्राला मुळीच धरून नाही. गुडघे कानापाशी, हात भलतीकडे. पण ती मोडतोड उडी सांगण्यासाठी आहे. चित्र पाहिल्यावर तो कुठून सुटला आणि कुठे आदळणार हे कळतं. शरीर वाकवण्याला माझी हरकत नाहीच. चित्रकाराने ते कशापायी वाकवलं, तेवढंच बघायचं.

हा फरक शब्दांत पटवणं अवघड जातं, म्हणून काही चित्रकारांनी तो चित्रातच करून दाखवला होता. डिसेंबर २०१२ मध्ये ‘द हॉकआय इनिशिएटिव्ह’ नावाचा उपक्रम सुरू झाला. कॉमिक्समधल्या नायिकांच्या मुद्रा जशाच्या तशा घ्यायच्या आणि त्या जागी हॉकआय हा धनुर्धारी पुरुष काढायचा. कंबर मुरडलेला, ओठ पुढे काढलेला, पाठ आणि पोट दोन्ही एकदम प्रेक्षकाकडे वळवलेला हॉकआय! ज्या मुद्रा वर्षानुवर्षं पाहून डोळ्यांना सरावाच्या झाल्या होत्या, त्या परक्या दिसू लागल्या. छाती आणि नितंब एकाच चित्रात समोरून दिसावेत म्हणून कणा पिळणाऱ्या या मुद्रेला वाचकांनी ‘ब्रोकबॅक पोज’ असं नावही दिलेलं होतं. त्यामुळे २०१४ च्या ऑगस्टमध्ये मानारांचं चित्र समोर आलं तेव्हा हजारो वाचक ते वाचायला तयार होते. त्याच्या वीस वर्षं आधी अशीच किती चित्रं येऊन गेली, कुणी काही बोललं नाही. तेव्हा बोलायला लागणारी भाषाच तयार झाली नव्हती.

कव्हरचं खरं गिऱ्हाईक

१९५४ साली अमेरिकेत कॉमिक्सवर बराच गहजब झाला. मुलं बिघडतात म्हणून सिनेटच्या समितीपुढे सुनावण्या झाल्या आणि प्रकाशकांनी स्वतःवरच एक आचारसंहिता घालून घेतली. तिच्यात एक कलम असं होतं की स्त्रिया वास्तवाला धरून, शरीराचा कोणताही भाग न फुगवता काढाव्यात. वाचायला किती छान वाटतं! पण ते बायकांच्या सन्मानासाठी नव्हतं, सभ्य घरातल्या आईबापांच्या समाधानासाठी होतं. त्याच संहितेने घटस्फोटावरही मर्यादा घातल्या होत्या. मार्व्हलने २००१ मध्ये ती सोडली, उरलेल्यांनी २०११ पर्यंत. चित्रं बदलली ती मात्र त्याच्या कितीतरी आधी, आणि बदलण्याचं कारण विक्रीच्या पद्धतीत होतं.

पूर्वी कॉमिक्स पेपरवाल्याकडे, किराणा दुकानात मिळायची. उरलेल्या प्रती परत जायच्या. १९७० च्या दशकात फक्त कॉमिक्स विकणारी दुकानं वाढली आणि त्यांच्याशी नवा व्यवहार ठरला: सूट जास्त, पण माल परत घेणार नाही. आता दुकानदार प्रत्येक प्रत कुणाला विकायची हे आधी मनात ठरवूनच मागवणार. त्याच्या मनातलं ते गिऱ्हाईक म्हणजे दर आठवड्याला येणारा, यादीवर नाव असलेला, बहुतेकदा पुरुष वाचक. रस्त्याने जाता जाता अंक उचलणारी मुलगी या हिशेबातून गळाली. १९९० च्या दशकात मार्व्हलने आपल्या नायक-नायिकांना पोहण्याच्या कपड्यांत दाखवणारे खास अंक काढले ते या बंदिस्त बाजारासाठी.

त्यात व्हेरिएंट कव्हरची भर पडली. १९९१ मध्ये एक्स-मेनचा पहिला अंक पाच कव्हरांत निघाला आणि ऐंशी लाखांच्या वर प्रती गेल्या. तेव्हापासून पहिला अंक आला की कव्हरांची रास येते. बऱ्याचदा अट अशी असते की नेहमीच्या कव्हरच्या ठरावीक प्रती मागवल्या तरच दुकानदाराला दुर्मीळ कव्हरची एक प्रत मिळते. दुर्मीळ प्रत चढ्या भावाने जाते, म्हणून दुकानदार गरजेपेक्षा जास्त साधे अंक उचलतो आणि प्रकाशकाचा पहिल्या अंकाचा आकडा फुगतो. मागणी नोंदवायची असते सुमारे तीन महिने आधी. अंक नोव्हेंबरचा आणि कव्हर ऑगस्टमध्ये जाहीर, याचं कारण तेच. त्या घडीला कव्हर वाचकाला हाक मारत नसतं, दुकानदाराच्या मागणीपत्रकाला हाक मारत असतं.

आता दोन्ही धागे एकत्र बघा. मालिका नव्या वाचकांसाठी, त्यातही बायकांसाठी. पहिल्या अंकाचं एक कव्हर जुन्या संग्राहक पुरुषांसाठी. दोन्ही निर्णय एकाच इमारतीत, आपापल्या जागी अगदी समजूतदारपणे घेतलेले. फक्त ते एकमेकांना भेटले नाहीत. पूर्वी ते भेटले नसते तरी चाललं असतं, कारण दुर्मीळ कव्हर दुकानाच्या भिंतीवर, प्लॅस्टिकच्या पिशवीत राहायचं. २०१४ मध्ये मात्र जाहीर झालेलं प्रत्येक चित्र त्याच दिवशी सगळ्यांच्या फोनवर होतं, आणि चारातलं एक कव्हर आहे की एकमेव, हे कुणाला कळायचं कारण नव्हतं. संग्राहकाच्या कपाटासाठी मागवलेली वस्तू नव्या मालिकेचा चेहरा होऊन बसली.

आपल्याकडच्या दिवाळी अंकांचा इथे थोडा विचार करावासा वाटतो. मुखपृष्ठावर देखणी स्त्री ही आपलीही जुनी परंपरा. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांच्या चित्रांवर कित्येक अंक उभे राहिले. आणि ‘आवाज’ची खिडकीचित्रं तर सगळ्यांनाच ठाऊक. पानाला पाडलेल्या खिडकीतून काहीतरी चावट दिसतं, पान उलटलं की तिथे भलतंच साधं दृश्य निघतं. फजिती होते ती खिडकीला डोळा लावणाऱ्याची. त्या चित्रांत बाईचं शरीर नेहमी सन्मानाने येतं असं मी म्हणणार नाही, तसं ते येत नाही. पण ‘आवाज’ हातात घेणाऱ्याला आपण काय घेतलंय हे माहीत असतं. मुलांच्या अंकाच्या मुखपृष्ठावर कुणी खिडकी पाडत नाही. मानारांच्या स्वतःच्या अल्बमचा वाचकही असाच जाणता असतो. जेसिकाच्या नव्या अंकाची वाट पाहणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलीशी तसा काही करार झालेला नव्हता.

पुढे काय झालं

कव्हर मागे घेतलं गेलं नाही. नोव्हेंबरमध्ये ते बाजारात आलं. मार्व्हलच्या पुढच्या काही अंकांसाठी ठरलेली मानारांची कव्हरं मात्र निघाली नाहीत. पहिल्या चार अंकांत लेखक डेनिस होपलेस आणि चित्रकार ग्रेग लँड अशी जोडी होती. लँड यांच्या नायिका छायाचित्रांवरून उतरवल्यासारख्या दिसतात ही टीका त्यांच्यावर आधीपासून होतीच, त्यामुळे नेहमीच्या कव्हरनेही कुणाचं फारसं समाधान झालं नाही.

खरा बदल मार्च २०१५ च्या पाचव्या अंकात आला. क्रिस अँका यांनी जेसिकाला नवा पोशाख दिला: चेन असलेलं लाल जॅकेट, हातमोजे, रंगीत काचांचा चष्मा, गडद विजार. जॅकेटची चेन वर ओढली की छातीवरचं चिन्ह पूर्ण होतं. हाविएर रोद्रिगेस चित्रकार म्हणून आले आणि जेसिका मोटारसायकलवर बसली. कापडाला चुण्या पडू लागल्या! जॅकेटमध्ये कोपर वाकवलेलं काढायचं तर चित्रकाराला कोपर कुठे आहे हे माहीत असावं लागतं, खिशात हात घालायचा तर खांदा उतरवावा लागतो. पोशाख बदलला की मुद्रा बदलते, आणि मुद्रा बदलली की पात्र काय करू शकतं तेही बदलतं.

गोष्टही बदलली. जेसिका बेन युरिक या पत्रकाराबरोबर एक शोध सुरू करते: दुय्यम दर्जाच्या खलनायकांच्या बायका आणि मुलं नाहीशी होत आहेत. शेवटी उलगडतं की त्यांना कुणी पळवलेलंच नाही, त्या बायका आपल्या नवऱ्यांपासून सुटून गेल्या आहेत. जिच्या अंगगंधाने बायका दूर पळायच्या, तीच नायिका आता घर सोडून गेलेल्या बायकांचं ऐकून घेते आहे. लेखक तेच होपलेस, प्रकाशक तोच. हे सगळं कव्हरच्या वादामुळेच झालं असं मी म्हणत नाही, पण बदलाला त्या वादाने वाट करून दिली असं मात्र मला वाटतं.

याच सुमारास आणखी एक कोळीकन्या आली. सप्टेंबर २०१४ मध्ये, म्हणजे गदारोळ चालू असतानाच, रॉबी रोद्रिगेस यांच्या आखणीतली ग्वेन स्टेसी पांढऱ्या टोपडीचा पोशाख घालून ‘एज ऑफ स्पायडर-व्हर्स’च्या दुसऱ्या अंकात उतरली. अंक पुन्हा पुन्हा छापावा लागला, पुढच्या फेब्रुवारीत तिला स्वतःची मालिका मिळाली, आणि मुलीबाया तो पोशाख शिवून घालू लागल्या. विक्रीसाठी बाईचं अंग दाखवावंच लागतं, हा जो बाजाराचा लाडका युक्तिवाद, त्याला याहून चोख उत्तर कुणी देऊ शकलं नसतं. स्पर्धक डीसीने त्याच हंगामात बॅटगर्लला जॅकेट आणि पिवळे बूट दिले, तेही असेच लोकांनी उचलून धरले.

मग फ्रँक चो या चित्रकाराने २०१५ मध्ये एका कोऱ्या कव्हरवर (चित्रकाराने हाताने चित्र काढावं म्हणून मोकळं सोडलेल्या) ग्वेनला नेमकं मानारांच्या त्या मुद्रेत काढलं. रॉबी रोद्रिगेस यांनी जाहीरपणे आक्षेप घेतला आणि दोन्ही बाजू पुन्हा तावातावाने भांडल्या. मला या उपप्रकरणात एवढंच दिसतं की मुद्रा आता पात्रापासून सुटी झाली होती. जेसिका असो की ग्वेन, आत कोण आहे याला महत्त्व उरलं नाही. स्पायडर-मॅनची कोणतीही मुद्रा घेऊन तुम्ही ती थॉरला दिलीत तर ती त्याला बसणार नाही. ही मुद्रा मात्र कुठल्याही बाईला बसवता येते.

तीच मुद्रा, एका खेळात

याच प्रश्नाला एका गेम कंपनीने कसं तोंड दिलं ते शेजारी ठेवून बघण्यासारखं आहे. मार्च २०१६ मध्ये ब्लिझार्डचा ‘ओव्हरवॉच’ हा खेळ चाचणीत होता. त्यातली ट्रेसर ही चपळ, हसरी, सतत धावणारी मुलगी. सामना जिंकल्यावर ती पाठमोरी उभी राहून खांद्यावरून मागे बघते, अशी एक विजयमुद्रा होती. एका खेळाडूने लेखी हरकत घेतली आणि ती हरकत वाचण्यासारखी आहे. त्याने अश्लीलतेचा मुद्दा काढलाच नाही. याच खेळातली विडोमेकर ही मोहिनी घालणारी मारेकरीण आहे, तिला अशी मुद्रा शोभते, असं त्याने स्वतःच मान्य केलं. पण ट्रेसरचा जो स्वभाव तुम्ही इतक्या प्रेमाने उभा केलात, त्यातलं या मुद्रेत काहीच नाही, असं त्याचं म्हणणं.

खेळाचे प्रमुख जेफ कॅप्लन यांनी मुद्रा बदलायचं कबूल केलं. त्यावर दुसऱ्या बाजूने ओरडा झाला की कंपनी झुकली, तेव्हा त्यांनी सांगितलं की मुद्रा आम्हालाही आतून पटलेली नव्हती, तिच्याशी आमची झटापट चालूच होती. एप्रिलमध्ये नवी मुद्रा आली. तीसुद्धा पाठमोरीच, आणि जुन्या अमेरिकन पिन-अप चित्रांची, म्हणजे भिंतीवर लावायच्या देखण्या बायकांच्या चित्रांची, आठवण करून देणारी. पण एक पाय उचललेला, चेहऱ्यावर खट्याळ हसू, पुढच्या क्षणी ही पळणार हे दिसतं. शरीर झाकलं गेलं नाही, पण त्या शरीरात ट्रेसर परत आली.

मार्व्हलच्या हाती हीच कसोटी होती. चित्र किती उघडं आहे हे मोजत बसण्यापेक्षा, ही जेसिकाच आहे का एवढं विचारलं असतं तरी भागलं असतं. कव्हर मागवताना मानारांना एखादा प्रसंग दिला असता: ती गच्चीवर कुणाच्या मागावर आली आहे, आत काय दिसतं, तिला भीती वाटते आहे की राग. इतका मोठा कलावंत त्यातून काय उभं करू शकला असता याची मला फार उत्सुकता आहे, आणि ते चित्र कधी निघालं नाही याची हळहळही.

नोव्हेंबर २०१५ मध्ये स्पायडर-वुमन पुन्हा एकदा क्रमांक एकपासून सुरू झाली. लेखक होपलेसच, चित्रं हाविएर रोद्रिगेस यांची. या वेळी जेसिका गरोदर होती, दिवस भरत आलेले, आणि कव्हरवरही तशीच दिसते. मूल कुणाचं या प्रश्नाभोवती गोष्ट फिरवलेली नाही. मूल तिला हवं होतं म्हणून ते तिने आणलं. ती परग्रहवासीयांच्या एका प्रसूतिगृहात अडकते, तिथे हल्ला होतो, मोठं पोट घेऊन ती लढते, आणि बाळ झाल्यावर अंगात त्राण नसताना पुन्हा उठते. रोद्रिगेस यांनी तिला उठताना काढलं आहे ते बघावं: एक हात टेकलेला, पाठ गोल, वजन कुठे पडतंय हे प्रत्येक चौकटीत कळतं. आधीची मालिका १० अंकांत आटोपली होती. ही १७ अंक चालली.